सरकारी नियमाच्या नावाखाली विकलेला 'कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर'

पुण्यात ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत, त्यांनी हे जरूर वाचा, कारण तो माणूस अजून फिरतोय.

थंडी पडली की गॅस गीझरच्या बातम्या येतातच. कोंदट बाथरूममध्ये हवा कमी पडते, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. ना वास, ना रंग. २०२३ च्या होळीला घाटकोपरला एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही संशय गीझरवरच होता. भीती खरी आहे, म्हणून तर तिच्यावर धंदा चालतो.

आमच्या सोसायटीत निळं जाकीट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण आला. हातात भाड्याच्या फ्लॅटची यादी, तीही अचूक. (वॉचमनला विचारलं, तर तो छताकडे बघू लागला.) "काका, १ ऑक्टोबरपासून भाड्याच्या घरात सीओ डिटेक्टर कंपल्सरी आहे. आमचं सर्टिफिकेट जोडलं नाही तर भाडेकरार रजिस्टर होणार नाही, वर ५००० दंड." राजमुद्रा छापलेला कागदही दाखवला. नगाला २८०० रुपये. माझ्या फ्लॅटमध्ये शिकणारी मुलं राहतात. त्यांच्यासमोर त्याने बाथरूमच्या दारावर डबा ठोकला आणि न पेटवता लायटरचा गॅस त्यावर सोडला. डबा किंचाळला. "आता बिनधास्त दार लावून अंघोळ करा," म्हणाला. पैसे यूपीआयने कुठल्याशा बाईंच्या नावावर गेले. पावतीवर जीएसटी नंबर नाही.

संध्याकाळी त्यातल्याच एका मुलाचा फोन आला. "काका, लायटरमध्ये ब्युटेन असतो. यात कार्बन मोनॉक्साइड कुठून आला?" त्याने नखाने स्टिकर खरवडला, तर खाली छापलेलं होतं 'एलपीजी लीक अलार्म'. म्हणजे सिलेंडरची गळती ओळखणारं यंत्र. तेही जमिनीलगत लावायचं असतं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. याने ते दाराच्या वर लावलं होतं.

कार्बन मोनॉक्साइडच्या खऱ्या अलार्मवर ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ असं मानक छापलेलं असतं आणि बदलायची तारीखही असते, कारण आतला सेन्सर काही वर्षांत संपतो. शिवाय तो असा क्षणात बोंबलत नाही. ईएन ५०२९१ प्रमाणे हवेत ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) वायू असेल, तर तो तासाभरानंतर, दीड तासाच्या आत वाजतो. ३०० पीपीएमला मात्र तीन मिनिटांत. टेस्टचं बटण दाबून बहुतेक वेळा फक्त बॅटरी आणि भोंगा कळतो.

माझे २८०० गेले ते गेले. संताप येतो तो "बिनधास्त दार लावा" या वाक्याचा. तो डबा टांगला नसता, तर ती मुलं निदान खिडकी उघडी ठेवत होती.

आणि तो कागद? लेस्टरला राहणाऱ्या भाचीला फोटो पाठवला, तर ती हसायलाच लागली. "मामा, हा आमच्याकडचा नियम आहे!" इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, ज्या राहत्या खोलीत बॉयलरसारखं इंधन जाळणारं कायमचं उपकरण आहे, तिथे घरमालकाने हा अलार्म लावावाच लागतो. गॅसची शेगडी त्यातून वगळली आहे. अलार्म बिघडल्याचं भाडेकरूने कळवलं, की दुरुस्त करणं किंवा बदलणं मालकाकडे. दंड ५००० पौंडांपर्यंत. पठ्ठ्याने सगळं मराठीत उतरवलं आणि पौंड तेवढे गाळले. आपल्याकडे भाडेकरार नोंदवताना असलं सर्टिफिकेट कुणी मागत नाही. शासन निर्णय असेल तर त्यावर क्रमांक आणि संकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. या कागदावर दोन्ही नव्हते.

चौकीत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रारही नोंदवली. त्याचा मोबाइल बंद. गीझर प्लंबरकडून बाथरूमबाहेर, ड्राय बाल्कनीत घेतला.

परवा वाकडच्या एका ओळखीच्या सेक्रेटरींचा फोन आला. तेच निळं जाकीट. दर आता ३२०० आहे आणि कागदावरचा दंड १०,००० झालाय.