चार कंपन्या, एक आयटी विभाग: जीएलपीआय कामाचं आहे का?

नागपुरातल्या बऱ्याच उद्योगसमूहांची ठेवण सारखीच असते. वर्धा रोडला मुख्य ऑफिस, बुटीबोरीत किंवा हिंगण्यात कारखाना, शहराबाहेर गोदाम आणि मिहानच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) एखादं युनिट. मालक एकच, पण कागदावर कंपन्या वेगळ्या आणि प्रत्येकीचा दोन-तीन माणसांचा आयटी विभागही वेगळा. हे सगळे विभाग मिळून एकच सेवा गट करायचा ठरला की तक्रारी आणि मशीनच्या (संगणक, प्रिंटर वगैरे) नोंदी एका जागी आणाव्या लागतात. त्यासाठी जीएलपीआय हे सॉफ्टवेअर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते ओपन सोर्स आहे, पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालतं आणि लायसन्सचा खर्च नाही. खाली लिहिलंय ते २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती १० बद्दल.

या सॉफ्टवेअरचा खरा जीव म्हणजे एन्टिटीची, म्हणजे एकाखाली एक लावलेल्या कप्प्यांची रचना. सर्वांत वर मूळ एन्टिटी, तिच्याखाली कंपन्या, त्यांच्याखाली ठिकाणं. बुटीबोरीच्या माणसाला फक्त बुटीबोरीची तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) दिसतात, सेवा गटाच्या माणसाला वरपासून खालपर्यंत सगळं दिसतं. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पहिली पायरी ठिकाणांवरून करणं. पहिली पायरी कायदेशीर कंपनीचीच हवी. मशीन कोणाच्या ताळेबंदात आहे, वार्षिक देखभालीचा करार कोणाच्या नावावर आहे आणि महिनाअखेर बिल कोणाला लावायचं, हे तिन्ही प्रश्न कंपनीवरून सुटतात. एकाच इमारतीत दोन कंपन्या बसत असतील तर ठिकाणावरून केलेली रचना पहिल्याच महिन्यात कोलमडते.

तक्रारींचे प्रकार आणि पुरवठादारांची नावं मूळ एन्टिटीत बनवायची आणि ‘खालच्या एन्टिटींनाही’ हा पर्याय चालू ठेवायचा. तो विसरला की प्रत्येक कंपनीत ‘प्रिंटर’, ‘प्रिंटर बंद’, ‘प्रिंटिंग प्रॉब्लेम’ असे वेगवेगळे प्रकार तयार होतात. मग चार कंपन्यांची आकडेवारी एकत्र लावायला बसलं की डोकं दुखतं.

मशीनची नोंद एजंट, म्हणजे त्या मशीनवर टाकलेला छोटा प्रोग्रॅम, आपोआप आणतो. एजंट टाकताना प्रत्येक ठिकाणाचा वेगळा टॅग (ओळखीचा शब्द) द्यायचा आणि टॅगवरून एन्टिटी ठरवणारा नियम आधीच लिहून ठेवायचा. नियम नसेल तर सगळी मशीनं मूळ एन्टिटीत येऊन पडतात आणि एकेक करून हलवत बसावं लागतं. दुसरी भानगड असेंबल केलेल्या पीसींची. त्यांच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) सीरियल नंबरच्या जागी बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ एवढंच असतं. सीरियलवर भरवसा ठेवला की दहा वेगळ्या मशीनची एकच नोंद होते आणि ती रोज नाव बदलत राहते. जीएलपीआयमध्ये अशा निरुपयोगी नंबरांची ब्लॅकलिस्ट आहे. सुरुवातीला पंधरा-वीस मशीन आणून ती यादी तपासा, राहिलेले शब्द भरा, मगच एजंट सगळीकडे पसरवा. क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) सारखा राहिला तरी हाच घोळ होतो.

लॉगिनचं सांगायचं तर वेगवेगळ्या कंपन्यांचे डोमेन (युजर आणि पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) एकाच वेळी जोडता येतात. फक्त सिंक्रोनायझेशनच्या रकान्यात ऑब्जेक्ट-जीयूआयडी (युजरचा न बदलणारा ओळख क्रमांक) भरायला विसरू नका. नाहीतर लग्नानंतर एखादीचं युजरनेम बदललं की तिची नवीच नोंद उघडते आणि जुनी तिकिटं मागे राहतात.

मेलवरून तिकीट घेण्याची सोय चांगली आहे, पण दोन ठिकाणी अडते. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या अखेरीपासून साध्या पासवर्डने आयमॅप (मेल वाचण्याची पद्धत) बंद केलं, त्यामुळे पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन करणाऱ्या ओऑथचं प्लगइन टाकावं लागतं. आणि ऑटोमॅटिक कामं सर्व्हरच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर) लावलीच पाहिजेत. ती जीएलपीआयच्या आपल्या मोडवर राहिली तर कोणी स्क्रीन उघडेल तेव्हाच चालतात. रात्रपाळीत यंत्रावरचं टर्मिनल बंद पडल्याचा मेल मग सकाळी पहिला माणूस लॉगिन करेपर्यंत तसाच पडून राहतो.

एसएलएचं, म्हणजे तक्रार किती वेळात सोडवायची त्या मुदतीचं, काम आम्हाला विशेष आवडलं. एसएलए एकदाच बनवायचा, त्याला ‘तिकिटाचं कॅलेंडर’ हा पर्याय द्यायचा आणि प्रत्येक एन्टिटीला तिचं वेगळं कॅलेंडर लावायचं. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, ऑफिस दहा ते सहा. तान्हा पोळा आणि मारबतीच्या दिवशी नागपूरचं ऑफिस बंद असेल आणि पुण्याची शाखा चालू, तर मुदतीचं घड्याळही त्या-त्या ठिकाणाप्रमाणे चाललं पाहिजे. पोळ्याची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून ती सुट्टी ‘कायमची’ म्हणून टाकू नका. जानेवारीतच वर्षभराच्या सुट्ट्या भरून ठेवा.

आवर्ती (ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा आपोआप निघणाऱ्या) तिकिटांची सोय नागपूरसाठी तर फारच उपयोगाची. यूपीएसच्या सीलबंद बॅटऱ्या उष्णतेने लवकर बसतात. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणी बॅटरीची लोड टेस्ट करण्याचं तिकीट आपोआप निघेल असं लावून ठेवा. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर बॅटऱ्या शोधत फिरण्यात अर्थ नाही.

आता उणी बाजू. तिकिटावर वेळेचा आणि सामानाचा खर्च टाकता येतो, यादी बाहेरही काढता येते, पण जीएसटीचं बिल यातून निघत नाही. एकाच समूहातल्या कंपन्यांमधली सेवा मोबदला न घेता दिली तरी ती पुरवठा ठरते. म्हणजे १८ टक्के जीएसटी लावून बिल करायचंच, आणि सेझमधल्या युनिटच्या अधिकृत कामासाठीची सेवा शून्य दराने, एलयूटी (कर न भरता पुरवठा करण्याचं हमीपत्र) भरून. हे सगळं टॅलीत किंवा कंपनीच्या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं. मदतीची कागदपत्रं विस्कळीत आहेत आणि रिपोर्ट बेताचे आहेत. लॉगचंही (सिस्टिममध्ये काय घडलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचंही) वेगळं बघावं लागेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. जीएलपीआयमधलं तिकीट म्हणजे ती नोंद नव्हे.

विभाग एक झाला म्हणून सगळी माणसं वर्धा रोडच्या ऑफिसात आणून बसवू नका. बुटीबोरीतला स्विच फोनवरून बदलता येत नाही. कारखान्यात एक माणूस ठेवा आणि सर्व्हर, नेटवर्क, खरेदी एवढंच मध्यवर्ती करा. जीएलपीआयचे ग्रुप या रचनेत नीट बसतात.

बसवल्यावर लगेच जीएलपीआय, टेक, नॉर्मल आणि पोस्ट-ओन्ली या चारही आयत्या खात्यांचे पासवर्ड बदला आणि इन्स्टॉलची फाइल काढून टाका. बॅकअपमध्ये डेटाबेससोबत फाइल्सचं फोल्डर आणि कॉन्फिगमधली एन्क्रिप्शनची की फाइलही घ्या. ती की हरवली तर डेटाबेस परत आला तरी डोमेनचे आणि मेलबॉक्सचे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, सगळे नव्याने भरावे लागतात.