सिलिकॉन डायलेटर सेट : काही महिने वापरल्यानंतर

डायलेटर म्हणजे आवळलेल्या योनीमार्गाला सवय व्हावी म्हणून हळूहळू आत सरकवायची, चढत्या जाडीची नळकांडी. आधीच सांगून टाकते, सेट चांगला आहे आणि मला गुण आला. पण तो गुण एकट्या सेटचा नाही. फिजिओथेरपिस्टकडे जे शिकले ते शिकले नसते, तर ही पाच सिलिकॉनची नळकांडी कपाटातच पडून राहिली असती. म्हणून इथे वस्तूपेक्षा उपचाराबद्दलच जास्त लिहिणार आहे. ज्या बायकांना हे लागतं त्यांना कुणाला विचारायची सोय नसते.

त्रास सरळ शब्दांत लिहिते. लग्नानंतर संबंध जमतच नव्हते. मनात ओढ होती, नवरा समजूतदार, घाई कुणालाच नव्हती. तरी स्पर्श होण्याआधीच मांड्या जवळ यायच्या, कंबर उचलली जायची आणि आग व्हायची. डॉक्टरांना आतून तपासताही यायचं नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. जांघेतल्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाला स्नायूंचा थर असतो. योनीमार्ग त्यातूनच जातो आणि हे स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळले जातात. डोळ्यापाशी काही आलं की पापणी मिटते, तसंच. आवळलेल्या स्नायूवर जोर आला की दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी भीती आधीच हजर असते आणि स्नायू आणखी घट्ट होतो.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी 'अंग सैल सोडा, नवीन लग्न आहे, होईल सवय' म्हणून बोळवण केली. दुसऱ्या ठिकाणी थेट आययूआय, म्हणजे वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं, सुचवलं. मूल हवं असेल तर तो मार्ग आहेच, पण मी दुखतं म्हणून गेले होते आणि त्या दुखण्यावर एक वाक्यही कुणी बोललं नाही. याचा मला अजून राग आहे. शेवटी नाशिकच्या गंगापूर रोडला एक डॉक्टर भेटल्या. त्यांनी पहिल्या भेटीत हातच लावला नाही, फक्त ऐकून घेतलं. 'तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार,' हे त्यांनी तपासणीआधी सांगितलं आणि पाळलंही. जंतुसंसर्ग, त्वचेचा आजार, योनीमार्गात आडवा पडदा, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) यांपैकी काही नाही ना, हे बघितल्यावरच त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. इंटरनेटवर ओटीपोटाचा व्यायाम शोधला की पहिल्यांदा कीगल येतात, म्हणजे हे स्नायू आवळून धरायचे व्यायाम. अर्नोल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते 1948 मध्ये मांडले, ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी आणि लघवी गळण्यावर. आपला स्नायू सैल नाही, तो सुटतच नाही. त्याला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? आपल्याला शिकायचंय ते सोडणं.

ते सोडणं मी श्वासातून शिकले. कुशीवर झोपायचं, अंगावर चादर, एक हात पोटावर, दुसरा खाली, कपड्यावरूनच. श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही किंचित खाली उतरायला हवा. माझा उलटा वर ओढला जात होता. 'ताई, दात आवळलेत बघा, आधी जबडा सोडा,' फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. जबडा सोडला आणि हाताखाली जेमतेम जाणवेल इतकी हालचाल झाली. लघवी सुरू होताना जसं आपण आतून सोडतो, तेवढंच. मला रडू आलं. आपलं शरीर आपलं ऐकू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा पटलं. बद्धकोष्ठ आहे का, लघवी दाबून ठेवता का, हेही त्यांनी विचारलं. नाशिक-पुणे एसटीने जाणाऱ्या बाईला हे विचारायलाच नको, स्वच्छ जागा मिळेपर्यंत दाबूनच ठेवावी लागते. त्या सवयीनेही हे स्नायू आवळलेले राहतात.

हे जमायला लागल्यावर सेट मागवला. सर्वांत लहान डायलेटर करंगळीएवढा आहे, पुढचे चढत्या जाडीचे. सिलिकॉन कडक प्लॅस्टिकपेक्षा मऊ असल्याने ते मला बरं वाटलं. नाशिकच्या थंडीत मात्र ते इतकं गार पडतं की लागताच अंग आक्रसतं. कोमट पाण्याच्या मगात थोडा वेळ बुडवून ठेवायचं. भरपूर वंगण लावायचं, श्वास सोडताना हळूच आत सरकवायचं, ढकलायचं नाही. मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं. दहापैकी तीनच्या वर दुखलं तर थांबायचं, हा मला दिलेला नियम.

उणिवाही आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकारात फरक फार आहे. तिथे मी कित्येक आठवडे अडकले होते. मधल्या जाडीचा एक वेगळा घेतल्यावर गाडी पुढे सरकली. पकडायचा भाग आखूड आहे, वंगणाने हात निसटतो. धूळ, कापसाचे तंतू लगेच चिकटतात, म्हणून वेगळी पिशवी लागते. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, आणि त्यात श्वासाबद्दल एक ओळही नाही.

इंदिरानगरला आम्ही सासूबाईंबरोबर राहतो, त्यामुळे एकांताची काळजी होती. 'डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, अर्धा तास दार लावून घेते,' एवढंच सांगितलं. 'लाव, मी कुणाला आत येऊ देत नाही,' म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही. त्यांचे उपकार आहेत.

हा आजार मनाचा की शरीराचा, असं मला दोघांनी विचारलं. तो वाद मला निरर्थक वाटतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणातही भीती, वेदना आणि स्नायूंचं आवळणं एकाच निदानाखाली घेतलंय, कारण ती एकमेकांपासून सुटी करणं अवघड. कुणावर पूर्वी अत्याचार झाला असेल, किंवा भीती फार असेल, तर फिजिओबरोबर समुपदेशन हवंच. कुठल्याही घटनेशिवायही हा त्रास होतो, माझा तसाच होता. काही जणींना डॉक्टर स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवतात. इतर उपायांनी फरक पडला नाही तरच त्याचा विचार करावा, असं मला सांगितलं गेलं.

सध्या चौथा आकार विनावेदना जातो. आतून सोनोग्राफी झाली. संबंधही जमले, सावकाश, वेग माझ्या हातात ठेवून. पाचवा मी अजून वापरलेला नाही आणि तशी गरजही वाटत नाही.

वंगण पाण्यावर आधारित घ्या. सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनच्या डायलेटरचा पृष्ठभाग खराब करतं. खोबरेल वापरलं तर लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो. प्रत्येक वेळी सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, आणि सेट दुसरीला देऊ नका. खाज, दुर्गंध, रक्तस्राव असेल, बाळंतपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा दिवस गेले असतील, तर तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका. पाळी गेल्यावर किंवा बाळ अंगावर पीत असताना कोरडेपणानेही दुखतं, त्याचे उपचार वेगळे आहेत. डॉक्टरांची वेळ घेताना फोनवरच विचारा, 'ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओ करणारी बाई आहे का?' नाही म्हणाले तर दुसरीकडे फोन करा.