समोरचा पक्ष कागद दाखवत नाही: बचाव काढून टाकायला सांगावं की प्रतिकूल अनुमान मागावं?

भागीदारीच्या हिशेबाचा दावा. खतावणी प्रतिवादीच्या कपाटात. कोर्टाने कागद दाखवायचा हुकूम केला, चार तारखा गेल्या, तरी कपाट बंदच. आता वादीपुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११, रूल २१ची. हुकूम मोडणारा प्रतिवादी असेल तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. वादी असेल तर दावाच फेटाळला जातो आणि त्याच कारणावरून पुन्हा दावा लावता येत नाही. शिक्षा एवढी कडक असल्यामुळे कोर्ट ती सहजासहजी देत नाही. बब्बर सिलाई मशीनच्या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जाणूनबुजून, हट्टाने हुकूम धुडकावला असेल तरच हा उपाय करावा. बचाव गेला तरी प्रतिवादी तुमच्या साक्षीदारांचा उलटतपास घेऊ शकतो, म्हणजे पुरावा तुम्हाला द्यावाच लागतो. शिवाय या हुकमावर अपील चालतं; त्यात वर्षं जातात. आणखी एक खाच: रूल २१मध्ये प्रश्नावलीची उत्तरं, कागदांचं प्रकटीकरण (कोणते कागद ताब्यात आहेत ते शपथेवर सांगणं) आणि पाहणी एवढंच आहे. रूल १४खाली कागद ‘हजर करा’ एवढाच हुकूम घेतला असेल, तर तो यात बसतो का, यावरच वाद सुरू होतो.

दुसरी वाट प्रतिकूल अनुमानाची, म्हणजे कागद दडवला तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्धच असणार, असं कोर्टाने धरायची. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११४, नव्या साक्ष्य अधिनियमात ११९. कल्याणच्या हाजी मलंग दर्ग्याच्या जमिनीचा १९६८चा निकाल बघा. उत्पन्नाचा हिशेब वेगळा ठेवलाय, हे व्यवस्थापकाने कबूल केलं होतं, पण वह्या कोर्टात आणल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ते त्याच्याविरुद्ध धरलं. शाबितीचा बोजा त्याच्यावर नसला तरी उत्तम पुरावा दडवता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं.

माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं. मात्र कागद आहे आणि तो प्रतिवादीच्याच ताब्यात आहे, हे आधी रेकॉर्डवर यायला हवं. त्यासाठी रूल १२चा, म्हणजे प्रकटीकरणाचा, अर्ज करून त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. दावा ३ लाखांवरचा व्यावसायिक असेल तर ऑर्डर ११च वेगळी लागू होते, तेव्हा वकिलांना पहिल्याच भेटीत तेवढं विचारून घ्या.