सोळाशे सीसीचे पैसे घेतले, चौदाशे सीसीचं इंजिन बसवलं

जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवून घ्यायचं कोणाच्या मनात असेल, तर गॅरेजवाल्याच्या हातावर ॲडव्हान्स ठेवण्याआधी हे पूर्ण वाचा. माझी फसवणूक घाईगर्दीत झाली नाही. ती शांतपणे, टप्प्याटप्प्याने आणि कागदासकट झाली. माझ्याशी वापरलेली रीत उद्या दुसऱ्या कोणाशीही वापरता येईल, म्हणून सगळं लिहितो आहे.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. १९९८ च्या सुमारास आपल्या शेजारी गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरचं, त्यामुळे खाऱ्या हवेत वरचा पत्रा सडण्याची भीती नाही. खालची चासी मात्र पावसाळ्याआधी घासून रंगवावीच लागते. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद ६० बीएचपी. मुळात फार थोड्या गाड्या बनल्या, त्यातल्या चालत्या आणखी थोड्या. मी ती गोव्यातल्या एका वयस्क गृहस्थांकडून घेतली, एनओसी आणली आणि रीतसर एमएच ०७ करून घेतली. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाताना टप उघडून ती चालवण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळालं नाही. पण आंबोली चढायला लागलं, शेजारी माणूस बसलेला असला, की ती दमायची.

महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने हे हेरलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तो म्हणाला, "रेनॉचाच इंजिन रेनॉच्या गाडयेत घालूचा. लोगनचा सोळाशे. तुमका काय्येक त्रास जावचो नाय, तुमी बिनघोर रवा."

इथे थोडी तांत्रिक माहिती द्यावी लागेल, कारण सगळी फसवणूक तिच्यावरच उभी आहे. महिंद्रा आणि रेनॉ यांनी मिळून २००७ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून लोगन बाजारात आणली. तिच्यात पेट्रोलची दोन इंजिनं येत: के७जे म्हणजे १३९० सीसीचं आणि के७एम म्हणजे १५९८ सीसीचं. दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच, ७९.५ मिलिमीटर. फरक आहे तो स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याच्या अंतरात. चौदाशेचा पिस्टन ७० मिलिमीटर खालीवर होतो, सोळाशेचा ८०.५. इंजिन उघडल्याशिवाय हा फरक दिसत नाही. २०११ मध्ये लोगनची व्हेरिटो झाली तेव्हा पेट्रोलमध्ये चौदाशेच राहिलं. त्यामुळे भंगारात चौदाशे सहज सापडतं, सोळाशेला शोधावं लागतं, आणि भावही त्याप्रमाणे सांगितला जातो.

व्यवहार दोन लाख दहा हजारांचा ठरला, तीन हप्त्यांत. त्यात इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), वायरिंग, मोठा रेडिएटर आणि नवी माउंटिंग. मी गॅरेजच्या लेटरहेडवर चार अटी लिहून घेतल्या. इंजिन १५९८ सीसीचंच असेल. ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मिळतील. आरटीओची मंजुरी आल्याशिवाय गाडी माझ्या ताब्यात येणार नाही. आणि माझं जुनं इंजिन मला परत मिळेल. त्याने सही केली, शिक्का मारला. आज मी जो काही लढतो आहे तो या एका कागदाच्या जोरावर.

इंजिन आल्यावर त्याने मला बोलावून ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरची, ओळखपट्टी दाखवली. तिच्यावर के७एम अक्षरं स्पष्ट होती. दुसरा हप्ता दिला. इंजिन गाडीत बसल्यावर त्याने स्कॅनर लावला आणि पडद्यावर १.६ दाखवलं. हा पुरावा कोणालाही पटेल असाच आहे, म्हणून नीट सांगतो. स्कॅनर पिस्टन मोजत नाही. तो ईसीयूच्या आत काय लिहिलंय तेवढंच वाचतो. सोळाशेचा ईसीयू चौदाशेच्या इंजिनाला जोडला तर स्कॅनर सोळाशेच सांगणार. इंजिन चालतंही, फक्त पेट्रोलचा हिशेब चुकतो आणि प्लग काळे पडत राहतात.

गाडी देताना आरटीओच्या मंजुरीची पावती म्हणून एक छापील कागद मिळाला. "स्मार्ट कार्ड पोस्टान येतला," असं सांगितलं. त्याबरोबर एक सूचना मिळाली: इंजिन मोकळं होईपर्यंत पळवू नका, घाट चढवू नका. वरवर ही सूचना काळजीची वाटते. खरं तर शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाला इंजिनाची परीक्षा घेऊ न देण्याची ती सोय असते. शिवाय चौदाशेसुद्धा मूळ ११४९ पेक्षा मोठंच. सपाटीवर गाडी आधीपेक्षा जोरात ओढत होती, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. ज्याने ही युक्ती काढली त्याने एवढा विचार केला होता.

मग एक्झॉस्टमधून काळा धूर यायला लागला. आंबोलीच्या अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. त्याच सुमारास मी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. क्युबिक कपॅसिटी तीच, ११४९. ओरोसच्या आरटीओ कार्यालयात पावती घेऊन गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाकून पाहिला आणि सांगितलं की असा अर्ज कधी आलेलाच नाही. पावती बनावट होती.

त्याच दिवशी कायदाही नीट समजला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'एकाच कंपनीचं इंजिन आहे, म्हणजे पासिंग होतंच' हे गॅरेजवाल्यांचं आवडतं वाक्य आहे आणि ते खोटं आहे. ११४९ च्या जागी १५९८ सीसी हा नोंदणीतल्या तपशिलातलाच बदल आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर पाहते, आणि तो जुळला नाही तर क्लेम अडकतो.

मी गाडी टो करून एका मेस्त्रींकडे नेली. त्यांचं आयुष्य एसटीच्या डेपोत इंजिनं उघडण्यात गेलं, आता घरामागच्या शेडमध्ये निवडक कामं करतात. त्यांनी आधी कॉम्प्रेशन तपासलं. चारपैकी दोन सिलिंडरमध्ये दाब कमी निघाला. मग बॅटरीच्या उजेडात ब्लॉकवरची पट्टी पाहिली. तिचे रिव्हेट नवे कोरे होते, आणि शेजारी ठोकलेल्या नंबराभोवती ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा. ते काही बोलले नाहीत, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढायला घेतलं.

हेड निघाल्यावर त्यांनी क्रँक फिरवून पहिला पिस्टन पार तळाला नेला आणि व्हर्निअरच्या (बारीक माप घेण्याच्या पट्टीच्या) मागच्या दांडीने खोली घेतली. मग पिस्टन वर आणून पुन्हा मोजलं. फरक ७० मिलिमीटर. त्यांनी खडूने फरशीवर गणित मांडलं: बोअर ७.९५ सेंटिमीटर, त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५४ (पायचा चौथा हिस्सा), गुणिले स्ट्रोक ७, गुणिले चार सिलिंडर. उत्तर १३९०. "ह्या सोळाशेचा न्हय, बाबा. चवदाशेचा असा," एवढंच म्हणाले. हे माप घ्यायला त्यांना हेड काढल्यानंतर पाच मिनिटंही लागली नाहीत. गाडीत बसवण्याआधी इंजिन स्टँडवर असताना तर ते आणखी सोपं.

दोन सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची गोल रेघ होती. पाणी आत शिरून बराच काळ साचून राहिलं की पिस्टनच्या कडेशी अशी रेघ उमटते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पूर येऊन गेला की अशा गाड्या विमा कंपन्यांकडून टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या ठरून, निघतात आणि त्यांचे भाग वेगवेगळ्या हातांनी फिरत राहतात. कोकणात सेकंड हँड इंजिन घेणाऱ्याने प्लग काढून आत कॅमेरा घालून पाहणं अत्यंत गरजेचं आहे. हा कॅमेरा, म्हणजे बोरोस्कोप, आता कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये असतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते माझं जुनं इंजिन गेल्याचं. आरसीवर ज्याचा नंबर आहे ते ११४९ सीसीचं मूळ इंजिन त्याने परत दिलंच नाही. आधी म्हणाला, शेडमध्ये ठेवलंय. मग म्हणाला, पोरांनी भंगारात घातलं. या गाडीची कायदेशीर ओळख त्या इंजिनात होती. ते असतं तर मी गाडी मूळ रूपात आणून उद्यापासून चालवू शकलो असतो. आज गाडी शेडमध्ये उभी आहे आणि कागदांशी जुळणारं इंजिन माझ्याकडे नाही. पैशाचं नुकसान भरून निघतं. एवढ्या दुर्मीळ गाडीतून तिचं मूळ इंजिन काढून विकणं हा मला निव्वळ चोरीचाच प्रकार वाटतो. म्हणून गाडी गॅरेजला देताना जुनं इंजिन उतरवलं की त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणा. नंतर नेतो म्हणून ठेवू नका.

दुसऱ्याच्या गाडीतून आलेल्या इंजिनाचे कागद मागण्याचं कारणही सांगतो. नंबर घासलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं, आणि तसं असेल तर पोलीस ज्याच्या गाडीत ते सापडेल त्याच्या दारात येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद पाहता येते. भंगारवाल्याने हाताने लिहिलेली, जीएसटी नंबर नसलेली चिठ्ठी म्हणजे कागद नव्हे.

मी पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली फसवणुकीची तक्रार दिली आहे, बनावट पावती जोडून. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मला मराठीत नीट मार्गदर्शन मिळालं. मेस्त्रींनी हेड काढताना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ घेतला, पट्टीचे आणि रिव्हेटचे जवळून फोटो काढले, आणि त्यांनी मापांचा लेखी अहवाल सही करून दिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर इंजिन उघडण्याआधी समोरच्याला लेखी कळवा, नाहीतर तो म्हणेल की तुम्हीच बदललं.

कोकणात, गोव्यात किंवा बेळगाव-कोल्हापूरकडे कोणी स्टॉर्मचं किंवा रेनॉचं ११४९ सीसीचं, डी७एफ इंजिन सुटं विकायला आणलं, तर कृपा करून त्याच्याकडे आधी आरसीची प्रत मागा. ती मिळाली नाही तर नंबराचा फोटो काढून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.