शहरातलं जुनं लहान कॉलेज की त्र्यंबक रोडचं नवं? नाशिकमध्ये प्रवेश घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कितीतरी घरांत हाच वाद सुरू होतो. एकीकडे कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यातलं, जुन्या संस्थेचं लहान अनुदानित कॉलेज. दुसरीकडे त्र्यंबक रोडला किंवा दिंडोरी रोडला गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभं राहिलेलं, अजून बांधकाम चालू असलेलं. मुलांचा ओढा नव्याकडे, आईवडिलांचा भरवसा जुन्यावर. मी दोन्हीकडे शिकवलंय आणि दोन्हीकडे मनापासून शिकणारी मुलं पाहिलीत, म्हणून नावं न घेता लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. ऑफिसबाहेर लावलेला कॅम्पसचा आराखडा पूर्ण व्हायला आठ-दहा वर्षंही लागतात. तुमची पदवी तीन वर्षांत संपणार, ऑनर्स केली तर चार. तेव्हा आज काय उघडं आहे आणि कोण वापरतंय, ते बघा.

हे बघायचं कसं? प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका. कॉलेज चालू असताना मधल्या वारी दुपारी तीननंतर जा आणि आधी ग्रंथालय गाठा. मी शिकवायचे त्या जुन्या कॉलेजात वाचनकक्षात लाकडी बाकं होती, पंखे आवाज करायचे, उन्हाळ्यात तिथे बसवत नसे. पण संध्याकाळी सहापर्यंत दार उघडं असायचं, आणि काउंटरवरच्या काकांना कुठल्या वर्गाला कुठलं पुस्तक लागतं ते तोंडपाठ होतं. नव्या कॉलेजात एसी हॉल, चकाचक टेबलं, आणि पाच वाजता कुलूप, कारण शेवटची कॉलेज बस सव्वापाचला. दोष कोणा एका माणसाचा नव्हता. शहराबाहेरच्या कॅम्पसमध्ये मुलांचा दिवस बस ठरवते आणि ग्रंथालय, मैदान, नाटकाची तालीम सगळं त्या वेळेत बसवावं लागतं. होस्टेलची मुलं मात्र रात्रीपर्यंत तिथेच असतात. त्यामुळे नव्या कॉलेजचा खरा फायदा होस्टेलवर राहणाऱ्याला मिळतो, अपडाऊन करणाऱ्याला फारच कमी.

प्रयोगशाळेत नव्या कॉलेजचं पारडं जड असू शकतं. कॉम्प्युटर नवे, इंटरनेट बरं, प्रोजेक्टर चालू. फक्त यंत्रांवरची प्लॅस्टिकची वेष्टनं निघालीत का ते बघा. खोक्यातलं उपकरण तपासणीच्या यादीत दिसतं, पण मुलांच्या हाताला लागत नाही. प्रॅक्टिकलला एका बॅचमध्ये किती मुलं आणि चालू मशीन किती, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.

कागदावरही बरंच सापडतं. दोन्हीकडच्या वेबसाइटवर नॅकचे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, अहवाल आणि कॉलेजने तिला दरवर्षी द्यायचा गुणवत्ता अहवाल, एक्यूएआर, असतात. आजवरच्या पद्धतीत सात निकष होते, त्यांतला चौथा पायाभूत सुविधांचा, पाचवा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा. इमारतीवर किती खर्च झाला आणि पुस्तकांवर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. ग्रेडपेक्षा त्यातून जास्त कळतं.

फीचं थोडक्यात. अनुदानित कॉलेजात बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मूळ तुकड्यांची फी कमी असते, कारण शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्याच इमारतीतली बीबीए, बीसीए बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असते, तेव्हा ‘जुनं म्हणजे स्वस्त’ असं धरून चालू नका. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. बस, होस्टेल आणि ‘विकास निधी’च्या पावत्या किती, हे लेखी मागून घ्या. सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या आदिवासी मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वयं’ योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात. शहरातलं कॉलेज निवडताना ही सोय फार मोलाची.

जाण्यायेण्याचा प्रश्न या वर्षी नेहमीपेक्षा मोठा आहे. महापालिकेची शहर बस सिटीलिंक 2021 पासून धावतेय, विद्यार्थी पास मिळतो, पण शहराबाहेर संध्याकाळनंतर दोन बसमधलं अंतर वाढतं. त्यात 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. त्र्यंबक रस्ता आणि पंचवटी हे दोन्ही पट्टे त्या काळात गर्दीचे असणार, आणि रस्त्यांची कामं त्याआधीपासूनच. निफाड-सिन्नरहून रोज येणाऱ्याने त्र्यंबक रोडचं कॉलेज घेतलं तर आधी एसटी, मग शहर बस, असा दुहेरी प्रवास पाऊस-चिखलातून करावा लागेल. तो शरीराला झेपतो, अभ्यासाला झेपत नाही.

आता विद्यार्थी जीवन. इथे लहानपणाचा, म्हणजे कमी पटाचा, फायदा दोन्हीकडे आहे. मोठ्या कॉलेजात एकांकिकेला शंभर मुलं रांगेत असतात, लहान कॉलेजात सर स्वतः वर्गात येऊन ‘तू येतोस का रे तालमीला?’ असं विचारतात. वर्गात तोंड न उघडणारी पेठची एक मुलगी एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात गावाचं सर्वेक्षण सांभाळताना मी पाहिलीय. जुन्या कॉलेजात मैदान छोटं असतं, पण माजी विद्यार्थी, ठरलेली गॅदरिंग, एनसीसी, कमवा आणि शिका यांची घडी बसलेली असते. नव्या कॉलेजात मैदान भलं मोठं, पण पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आहे का ते विचाराच. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं, ते नाशकात रोज सराव करवून घेणारा प्रशिक्षक मिळाला म्हणून. हिरवळ असली आणि सराव घेणारं कोणी नसलं, तर मुलं कडेला बसून मोबाइल बघतात. नव्या ठिकाणी एक संधी मात्र खरी आहे: वाङ्मय मंडळ, ट्रेकिंग ग्रुप, रोबोटिक्स क्लब असं काहीही पहिल्यांदा सुरू करण्याचा मान. पुढाकार घेणाऱ्या मुलाला तिथे कुणी अडवत नाही.

मुलींच्या पालकांसाठी एकच सांगते, स्वच्छतागृह स्वतः बघा. पाणी आहे का, आतून कडी लागते का, बस थांब्यापासून गेटपर्यंत दिवे आहेत का. तिथे फिरून आलात की त्या कॉलेजची व्यवस्था समजते.

भाषा, समाजशास्त्र, मूलभूत विज्ञान घेणाऱ्याला आणि रोज अपडाऊन करणाऱ्याला मी शहरातलं जुनं कॉलेज सुचवेन. बीसीएसारखा अभ्यासक्रम, चालू लॅब आणि होस्टेलची जागा हे तिन्ही जमत असेल तर नवं घ्या, बिनधास्त घ्या. आणि दोन्हीकडे ग्रंथालय दुपारीच बंद होत असेल, तर घराला जवळचं ते निवडा आणि 1840 सालच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात काढा.