पॅलिएटिव्ह सेवा जोखताना: मॉर्फिन, रात्रीचा फोन आणि पेशंटची पाठ

'आता इलाज नाही, घरी घेऊन जा' असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बहुतेक कुटुंबांच्या हाताशी निवड करायला चार-सहा दिवससुद्धा नसतात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून, खोल्या चकचकीत दिसल्या म्हणून किंवा फोनवरची बाई आपुलकीनं बोलली म्हणून संस्था पक्की होते. स्वच्छता आणि आपुलकी दोन्ही हवीच. पण पॅलिएटिव्ह सेवेचा, म्हणजे आजार बरा होणार नसताना दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या या सेवेचा, कस तीन ठिकाणी लागतो: मॉर्फिन मिळतं का, रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, आणि पेशंटच्या पाठीची कातडी कशी आहे. मुंबई-पुण्यातली सदनं, घरी येणाऱ्या टीम, खासगी पॅकेजं आणि घरी मावशी-मामा पुरवणारे ब्युरो या सगळ्यांना आम्ही याच तीन कसोट्या लावतो.

सुरुवात मॉर्फिनपासून. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर पोटात घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या हे सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली गेली. आता संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळाली की ती औषधं ठेवता आणि देता येतात. वेगवेगळ्या खात्यांच्या परवान्यांमागे धावावं लागत नाही. त्यामुळे 'मॉर्फिन मिळत नाही हो, कायदा फार कडक आहे' हे उत्तर आज कोणत्याही संस्थेकडून ऐकून घेऊ नका. मान्यता आहे का, गोळ्यांचा साठा किती दिवसांचा असतो आणि गेल्या सहा महिन्यांत तो कधी संपला होता का, हे तीन प्रश्न थेट विचारा. चांगली संस्था रजिस्टर दाखवायला कचरत नाही. तिथे एकेका गोळीचा हिशेब असतो.

'मॉर्फिन कशाला, ट्रॅमाडॉलवर भागतं' असं म्हणणाऱ्यांपासून जपून राहा. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक, ते दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर नेता येत नाही. दुखणं त्याच्या पुढे गेलं की हात रिकामे. दुसरी सोयीची वाट कातडीवर चिकटवायच्या फेंटानिलच्या पॅचची. पॅच वाईट नाही. ज्याला गिळता येत नाही आणि ज्याचं दुखणं स्थिरावलं आहे त्याच्यासाठी तो उत्तम. पण लावल्यावर पूर्ण असर यायला १२ ते २४ तास जातात, तो ७२ तासांनी बदलायचा असतो आणि महाग पडतो. आज कळवळणाऱ्या माणसाला पॅच चिकटवून निघून जाणं ही चुकीची वैद्यकी आहे. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, ताप चढला तर कळवा, असं कुणी बजावलं का तेही पाहा. उष्णतेनं औषध एकदम जास्त शोषलं जातं आणि पेशंट गुंगीत जातो.

चिठ्ठी वाचायला शिका. डोस ठरवण्यासाठी नव्हे, डॉक्टर ओळखण्यासाठी. साध्या मॉर्फिनचा असर चार तास टिकतो, म्हणून ते घड्याळाप्रमाणे लिहिलेलं हवं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीचा डोस बहुधा दुप्पट असतो, म्हणजे मध्ये उठवावं लागत नाही. अधेमधे कळ आली तर किती जादा घ्यायची हे वेगळ्या ओळीत हवं. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच, आणि ती मळमळीसारखी काही दिवसांनी जात नाही. सुरुवातीच्या दिवसांपुरतं उलटीचं औषधही असावं. 'दुखलं तर घ्या' एवढंच लिहिलेली मॉर्फिनची चिठ्ठी आणि पोट साफ होण्याच्या औषधाचा पत्ता नाही, तर त्या माणसाचं या कामातलं शिक्षण झालेलं नाही. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रिपोर्ट न मागता मॉर्फिन सुरू करणारेही तसेच. मूत्रपिंड थकलं असेल तर औषध अंगात साठतं, हातपाय झटके देऊ लागतात, भ्रम होतो. मग घरचे म्हणतात, 'मॉर्फिननंच घात केला.' खरं तर डोसचं अंतर वाढवायचं राहून गेलेलं असतं.

शिक्षणाचं विचारायला लाजू नका. एमडी पॅलिएटिव्ह मेडिसिन झालेले डॉक्टर मोजके आहेत, प्रत्येक टीममध्ये ते असणार नाहीत. पण इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्राथमिक सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी केलेला असावा, आणि कुठल्यातरी चालत्या वॉर्डात हाताखाली काम करून शिकलेलं असावं. पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास लागतो. दुखणं, दम, मळमळ, झोप, भूक, मनाची घालमेल असं एकेक विचारून ० ते १० मध्ये आकडे मांडायचे, फाईल वाचायची, घरात कोण कोण आहे आणि कोणाला काय माहीत आहे हे समजून घ्यायचं. पंधरा मिनिटांत हे होत नाही. दुखण्याचा आकडा ८ लिहिला असेल तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करून पुन्हा आकडा विचारला का? ४८ तासांनंतरही फाईलमध्ये तोच ८ असेल किंवा पुढची ओळ कोरीच असेल, तर आमचा सल्ला: दुसरीकडे बघा.

आता रात्र. नाव नोंदवण्याआधी रात्री अकरानंतर संस्थेच्या नंबरवर एकदा फोन करून पाहा. वॉचमननं उचलला, किंवा कॉल सेंटरनं 'सकाळी डॉक्टर फोन करतील' म्हटलं, तर ती दिवसाची सेवा आहे हे धरून चाला. उचलणारी सिस्टर असावी आणि तिच्यासमोर पेशंटची माहिती असावी. पण तिला फोनवरून काही करता यावं यासाठी घरात आधीच औषधांचा डबा ठेवलेला लागतो. या डब्यावरून टीमची जात कळते. त्यात जादा मॉर्फिन, घशातल्या घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट किंवा ब्युस्कोपॅन, भ्रम-तगमगीसाठी हॅलोपेरिडॉल, घाबरगुंडी व झटक्यांसाठी मिडाझोलाम, आणि प्रत्येकावर मराठीत चिकटवलेली चिठ्ठी: कशासाठी, किती, दिल्यावर किती वेळानं पुन्हा फोन करायचा. गिळणं बंद झालं तर कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवून तीच औषधं देता येतात. ही सुई लावायला टीम घरी येते का, हा नेमका प्रश्न विचारा. येत नसेल तर शेवटचे दोन-तीन दिवस पुन्हा अँब्युलन्स आणि कॅज्युअल्टीत जाणार.

आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट फार, म्हणून एक खास गोष्ट. मानेजवळ चिघळलेली जखम असेल तर तिथली मोठी रक्तवाहिनी कधी फुटू शकते. जाणती टीम घरातल्या एका धीराच्या माणसाला बाजूला घेऊन हे आधी सांगते आणि गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल उशाशी ठेवायला लावते. पांढऱ्या चादरीवर रक्त फार भयंकर दिसतं. गडद कापडावर पेशंटही कमी घाबरतो आणि घरचेही. अशा जखमेचा वास हीसुद्धा दर्जाची खूण आहे. उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ, त्यानं हलक्या हातानं धुणं आणि वर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड, एवढ्यानं वास पुष्कळ कमी होतो. सदनाच्या वॉर्डात वासावर अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनरचा मारा चालला असेल तर ड्रेसिंगच्या वेळेला पुन्हा जाऊन बघा. जखमेत अळ्या झालेला पेशंट दाखल होणं संस्थेचा दोष नव्हे. दाखल झाल्यावर आठवड्यानंही त्या तशाच असणं हा दोष.

तिसरी कसोटी पाठ. भेट द्यायला गेलात तर सिस्टरला विनंती करून तुमच्या माणसाला कुशीवर वळवायला सांगा आणि माकडहाड, टाचा, घोटे बघा. लालसर डाग बोटानं दाबला तर पांढरा पडतो का? पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद पलंगापाशी असते; एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेला तक्ता ओळखू येतो. हवेची गादी असली म्हणजे झालं असं नाही. तिच्यावर जाड रबर, घडी घातलेली गोधडी आणि चादर असे थर चढवले की ती निरुपयोगी ठरते. पंप चालू आहे का, हात घालून पाहा: एक कप्पा फुगतो, दुसरा बसतो, असं आळीपाळीनं व्हायला हवं. माकडहाडाखाली गोल रबरी ट्यूब दिसली तर काढायला सांगा, तिच्या कडांनी रक्तप्रवाह अडतो. मग तोंड उघडायला सांगून जीभ बघा. पांढरा थर म्हणजे बुरशी, आणि ती साध्या औषधानं बरी होते. सुकून फुटलेले ओठ, कुणी न पुसलेलं तोंड हे आम्ही मोठ्या त्रुटींत धरतो, कारण त्याला लागतो फक्त ओला कापूस आणि वेळ.

सेवांचे प्रकार वेगवेगळे, त्यांची तुलना सरसकट करू नये. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारातल्या पेशंटना ठेवून घेऊन सांभाळणारं ठिकाण. गोव्यात आणि दिल्लीतही त्यांची केंद्रं आहेत. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून. दोन्ही मोफत, आणि दोन्ही कॅन्सरच्या पेशंटसाठी उभी राहिलेली. 'फुकट म्हणजे कसंतरी' ही समजूत इथे साफ चुकीची आहे. या कामातलं प्रशिक्षित मनुष्यबळ मुख्यतः अशा देणगीवर चालणाऱ्या ठिकाणीच घडलं. मर्यादाही समजून घ्या. तिथे केमो किंवा आयसीयू नसतं, खाटा मोजक्या असतात, आणि अशा सदनांना सहसा डॉक्टरांचं पत्र व सगळी कागदपत्रं लागतात. म्हणून शेवटच्या दोन दिवसांची वाट न बघता आधी नाव घाला. किडनी निकामी झालेले, फुप्फुसाचा जुना आजार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांच्यासाठी निवासी जागा फारच कमी. तिथे घरी येणारी टीमच आधार. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह कक्ष चालतो का ते विचारा आणि आशाताईंना गाठा.

ब्युरोची मावशी किंवा मामा ही पॅलिएटिव्ह सेवा नव्हे, पण बारा तास पेशंटजवळ तीच व्यक्ती असते, म्हणून तिचं काम नीट बघा. भरवताना पाठ उंच करून बसवते का आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवते का? आडवं झोपवून चमचा तोंडात घातला की अन्न श्वासनलिकेत जातं आणि चार दिवसांत न्यूमोनिया. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवते का? सुट्टी घेतली तर बदली माणूस त्याच दिवशी येतो का, आणि आल्यावर त्याला सगळं समजावून कोण देतं? या शेवटच्या प्रश्नावर ब्युरो बहुधा गडबडतात.

खासगी पॅकेजांत आम्हाला सगळ्यात जास्त खटकतात ते सुटे दर. दिवसाचा आकडा सांगितला जातो. डायपर, ड्रेसिंग, सक्शन (घशातला कफ यंत्रानं ओढणं), ऑक्सिजन यंत्राचं भाडं, डॉक्टरांची व्हिजिट हे सगळं वेगळं. पंधरा दिवसांचा अंदाज लेखी मागा, आणि पेशंट चौथ्या दिवशी गेला तर उरलेले पैसे व डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतात तेही त्यातच लिहून घ्या. रोज सलाईन लावणाऱ्यांना कारण विचारा. शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी झेपत नाही. अंगावर सूज येते, घशातली घरघर वाढते. 'उपाशी कसं ठेवायचं' या घरच्यांच्या यातना खऱ्या असतात. चांगली टीम त्यासाठी बाटली टांगत नाही. बसून समजावते आणि तोंड ओलं ठेवायला शिकवते.

व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, घरीच राहायचं आहे, अशी पेशंटची इच्छा फाईलमध्ये लिहिलेली हवी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशा लेखी इच्छेला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. संस्थेनं हा विषय स्वतःहून काढला तर तिला आमचे जास्त गुण.

मृत्यूनंतरचं कागदपत्रही आधीच विचारून ठेवा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला फॉर्म ४-ए वर लागतो, आणि उपचार करत असलेल्या डॉक्टरांनीच तो द्यायचा असतो. टीमचा डॉक्टर पहाटे येऊन तपासून सही करेल का? 'तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून घ्या' हे उत्तर मिळालं तर त्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात पेशंट दाखवून ठेवा. कधीच न पाहिलेल्या माणसाच्या दाखल्यावर कुणी सही करत नाही आणि स्मशानात दाखल्यावाचून काम अडतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. आणि घरात उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या? त्या कचऱ्यात टाकू नयेत, शेजारच्या दुखणाईताला तर मुळीच देऊ नयेत. टीमनं पुढच्या भेटीत त्या तुमच्यासमोर मोजून परत घ्याव्यात आणि रजिस्टरवर तुमची सही घ्यावी.