खांद्यावरचा लाल पट्टा पाण्यात उतरला

‘पहाडी पोपटाचं पिल्लू’ घ्यायचं मनात असेल, तर आधी हे वाचा. एप्रिलमध्ये मी तेच घेतलं आणि फसले. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्या अज्ञानापायी एक पिल्लू मरता मरता वाचलं, हे जास्त लागतं.

लेकीला पोपट हवा होता. नाशिकच्या एका आठवडे बाजारात पिंजरे मांडून बसलेल्या माणसाने टोपलीवरचं फडकं उचललं. आत पाच-सहा पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. त्यातलं एक त्याने तळहातावर घेतलं. “हा पहाडी आहे ताई, करण पोपट. खांद्यावरचा लाल पट्टा बघा. सहा महिन्यांत माणसासारखा बोलेल.” साध्या पोपटाचे दीड हजार, याचे साडेचार हजार. फार्मवरचं पिल्लू आहे, लायसन आहे, असं म्हणत एक छापील पावती दिली. पैसे मात्र रोखच हवे होते. तिथेच मला शंका यायला हवी होती.

खायला काय द्यायचं, हेही त्यानेच सांगितलं: सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करलेला पाव, मधूनमधून हिरवी मिरची, म्हणजे जीभ मोकळी होते. मी तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं म्हणून लेकीने त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि मऊ फडक्याने पंख टिपले. फडक्यावर गुलाबी डाग पडला. तिला वाटलं रक्त आहे, ती रडायलाच लागली. मी पंख उचलून उजेडात पाहिला. जखम कुठेच नव्हती. लाल पट्टा ओघळून पिसांच्या टोकांशी जमला होता आणि खालून साधा हिरवा रंग दिसत होता. एका पंखाची लांब पिसं कात्रीने सरळ रेषेत कापलेली होती, तेही तेव्हाच लक्षात आलं.

संध्याकाळपर्यंत पिल्लू पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलं. विष्ठा पाण्यासारखी झाली. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधून तिथे नेलं. त्यांनी आधी वजन केलं: ८२ ग्रॅम. मग माझं बोट त्याच्या छातीवर ठेवलं. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं. दोन्ही बाजूंना मांस असं नव्हतंच.

डॉक्टर म्हणाले, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. त्यात मी पाव थंडच भरवत होते. थंड खाणं पिल्लाच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत पडून राहतं आणि आंबतं. पिल्लांसाठीचं तयार पीठ मिळतं, ते साधारण ४० अंश कोमट करून द्यावं लागतं, त्याहून गरम झालं तर पिशवी आतून भाजते. मिरचीने पोपट बोलत नाही. पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही, एवढंच.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझे हातपाय गार पडले. हा साधा कंठवाला पोपट, झाडाच्या ढोलीतून काढलेला. खराखुरा पहाडी असता तरी फरक पडला नसता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे हे रानपोपट पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पाळणं, सगळाच गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘फार्मवरचा’ म्हटल्याने यातून सुटका होत नाही. घरोघरी मिठू दिसतात म्हणून आपल्याला ते चालतं असं वाटतं.

विकणाऱ्याचं सगळं गणित यावरच उभं आहे, हे मला तेव्हा कळलं. रंग उतरला तरी तक्रार कोण करणार? तक्रार करायची तर आपणही पोपट घेतला हे सांगावं लागतं. पावतीवरचा फोन लागत नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या जागी कोणी नव्हतं. मीही चार दिवस घाबरून गप्प बसले, ती माझी चूक. तुमच्या घरी असं पिल्लू आलं असेल तर ते परस्पर सोडून देऊ नका, पंख कापलेलं पाखरू मांजराच्या तोंडी जातं. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. मी शेवटी तिथेच फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

पक्षी पाळायचाच असेल तर बजरीगर, ज्यांना आपण सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते, किंवा कॉकाटील असे परदेशी मूळ असलेले, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी पाहा. पण त्यांनाही नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवू नका, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर रोज द्या. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी कधीच नाही. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका: नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुराने पाखरं काही मिनिटांत मरू शकतात. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा, कारण पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. आमच्या पिल्लाने फुगून बसून दाखवलं तेव्हा फार उशीर झाला होता.

वन विभागाचे लोक न्यायला आले तेव्हा त्याचं वजन ९६ ग्रॅम होतं. लेकीने पेरूची फोड पिंजऱ्यात ठेवली, ती त्याने पायात धरून खाल्ली. कापलेली पिसं गळून नवी येईपर्यंत त्याला उडता येणार नाही, त्याला कित्येक महिने लागतील, असं ते म्हणाले. पिसं आली का, हे विचारायला लेक अजून मला फोन करायला लावते.